पाण्याचा तांब्या आधी परत उशाशी ठेवा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. एकतीस वर्षांचा धाकटा भाऊ फेब्रुवारीत मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला, अकरा दिवस इस्पितळात होता. घरी आल्यापासून तासातासाला लघवी, रात्रीही पाच-सहा वेळा उठणं, दिवसाला नऊ-दहा लिटर पाणी. साखर तीनदा तपासली, तिन्ही वेळा नॉर्मल. डॉक्टरांनी कागदावर 'डायबेटिस इन्सिपिडस' लिहिलं, 'मागच्या पिट्युटरीचं हार्मोन कमी आहे' एवढं सांगितलं आणि नाकात मारायचा स्प्रे दिला. 'डायबेटिस' वाचून आईंनी भात आणि मानकुराद आंबा बंद केला. वडिलांना वाटतं पाणी कमी प्यायलं की लघवी आपोआप कमी होईल, म्हणून रात्री ते उशाजवळचा तांब्या उचलून नेतात. तुम्ही विचारलंय की ही मागची पिट्युटरी करते काय, तिची आणखी हार्मोन्स कोणती, आणि हे दुखणं जन्मभर राहणार का.

तातडीचं आधी सांगतो, कारणं मागून. तांब्या आज रात्रीच परत उशाशी ठेवा, भरलेला. आणि आईंना सांगा, भातही चालेल आणि आंबाही चालेल. या आजाराचा साखरेशी काही संबंध नाही.

दोष आईंचा नाही, नावाचा आहे. डायबेटिस हा मूळचा ग्रीक शब्द. पाणी आत जातं आणि नळीतून निघावं तसं बाहेर पडतं, असा त्याचा भाव. लघवी गोड असेल तर मेलिटस, म्हणजे मधासारखी; बेचव असेल तर इन्सिपिडस. आयुर्वेदात प्रमेहाचे २० प्रकार सांगितलेत, त्यात मधुमेह वेगळा आणि उदकमेह वेगळा. उदकमेहात लघवी पुष्कळ, स्वच्छ, थंड, वास नसलेली, पाण्यासारखी होते असं वर्णन आहे. तो हाच आजार होता असा दावा मी करणार नाही, पण मराठीत बोलताना मी रुग्णांना 'उदकमेह' हाच शब्द देतो, कारण तो ऐकून कुणी साखर बंद करत नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. माझ्या एका रुग्णाचं घसरून मांडीचं हाड मोडलं. ज्या इस्पितळात नेलं तिथे फाइलवर 'डायबेटिस' वाचून दिवसातून चार वेळा साखर तपासली गेली. स्प्रे मात्र घरून आणलेल्या पिशवीतच राहिला, आणि ऑपरेशन आहे म्हणून पाणीही बंद. दुसऱ्या दिवशी माणूस बरळायला लागला तेव्हा त्याच्या मुलीने मला फोन केला. रक्तातलं सोडियम १६१ निघालं, म्हणजे बरंच चढलेलं. तो वाचला. परदेशांत अशाच घोळात रुग्ण दगावलेही आहेत. म्हणून २०२२ मध्ये हार्मोनतज्ज्ञांच्या अनेक देशांतल्या संघटनांनी मिळून नाव बदलायचं ठरवलं. तुमच्या भावाला जे आहे त्याला आता 'व्हॅसोप्रेसिनची कमतरता' म्हणायचं. जुनं नाव कागदावरून जायला वेळ लागेल, तोवर दोन्ही नावं लिहून ठेवा.

आता ग्रंथीकडे येतो. पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी, मेंदूच्या तळाशी हाडाच्या एका खळग्यात बसलेली असते. वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. वरून एका बारीक देठाने ती मेंदूला लटकलेली असते. तिचे दोन भाग नावाने एक असले तरी घडण अगदी निराळी. पुढचा भाग ही खरी ग्रंथी. थायरॉइड, कॉर्टिसॉल, प्रजननाची हार्मोन्स यांना हुकूम देणारी हार्मोन्स तिथल्या पेशी स्वतः बनवतात. मागचा भाग मात्र मेंदूचंच खाली उतरलेलं टोक आहे. तो काहीही बनवत नाही. त्याची दोन्ही हार्मोन्स, व्हॅसोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन, वर मेंदूच्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातल्या सुप्राऑप्टिक आणि पॅराव्हेंट्रिक्युलर नावाच्या पेशींच्या दोन पुंजक्यांत बनतात. त्या पेशींचे लांबच लांब धागे देठातून खाली येतात, हार्मोन त्या धाग्यांतून सरकत मागच्या भागात पोचतं, तिथे साठतं, आणि वरून इशारा आला की रक्तात सोडलं जातं.

तुम्ही सत्तरी तालुक्यातले, त्यामुळे कुळागराचं, म्हणजे माड-पोफळींच्या बागेचं, उदाहरण लगेच कळेल. झर वर डोंगरात असते, पाटाने पाणी खालच्या तळीत येतं, तळीतून माडा-पोफळींना सोडतात. मागची पिट्युटरी ही तळी आहे. झर हायपोथॅलॅमसमध्ये, आणि देठ म्हणजे पाट. तळीचा बांध फुटला, पण झर जिवंत असेल, तर पाणी कुठून ना कुठून वाट काढतंच. पाट अगदी वर, झरीच्या तोंडाशी तुटला तर मात्र झरच हळूहळू बुजते. तुमचा 'जन्मभर का' हा प्रश्न या एका गोष्टीवर अडलेला आहे. त्याकडे पुढे परत येतो.

व्हॅसोप्रेसिनचं मुख्य काम मूत्रपिंडात. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं जवळजवळ नव्वद टक्के वाटेतच परत शोषलं जातं, त्याला या हार्मोनची गरज नसते. उरलेल्या अठरा-एक लिटरचं काय करायचं हे व्हॅसोप्रेसिन ठरवतं. ते मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांवर जाऊन बसलं की नळीच्या भिंतीत पाण्याची सूक्ष्म दारं उघडतात आणि पाणी आत ओढलं जातं. या दारांना ॲक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हार्मोन भरपूर असेल तर दिवसाची लघवी अर्ध्या लिटरवरही भागते, गडद आणि दाट. हार्मोन मुळीच नसेल तर दारं बंद राहतात आणि पंधरा-अठरा लिटरपर्यंत पाणी सरळ वाहून जातं. तुमच्या भावाचे नऊ-दहा लिटर या दोन टोकांच्या मधले आहेत. म्हणजे थोडं हार्मोन अजून येत असण्याची शक्यता आहे, आणि ही मला चांगली खूण वाटते.

हे हार्मोन किती सोडायचं हे मेंदू रक्ताच्या दाटपणावरून ठरवतो. रक्त एक-दोन टक्क्यांनी दाट झालं तरी मेंदूला कळतं. आधी हार्मोन वाढतं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर तहान लागते. व्हॅसोप्रेसिन हा पहिला पहारेकरी, तहान दुसरी. तुमच्या भावाचा पहिला पहारेकरी जखमी आहे. तो जिवंत आणि शुद्धीवर आहे तो दुसऱ्याच्या जोरावर. या हार्मोनचं आणखीही एक काम आहे: ते जास्त प्रमाणात आलं तर रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, 'व्हॅसोप्रेसिन' हे नाव त्यावरूनच पडलं. पण तुमच्या भावाच्या बाबतीत ते आत्ता महत्त्वाचं नाही.

वडिलांचं म्हणणं चूक का, हे आता दिसेल. त्यांना वाटतं पाणी जास्त म्हणून लघवी जास्त. इथे गाडी उलटी आहे: लघवी वाहून जाते म्हणून पाणी लागतं. दिवसाला दहा लिटर म्हणजे तासाला सुमारे ४०० मिली. रात्रीच्या आठ तासांत तीन लिटरच्या वर. भावाचं वजन बासष्ट किलो असेल तर पाण्याविना एका रात्रीत त्याच्या वजनाचा पाच टक्के भाग नुसता पाण्याचा गेला. त्यातून रक्तातलं सोडियम चढतं, मेंदूच्या पेशी आकसतात. आधी चिडचिड, मग ग्लानी, मग झटके. तांब्या उचलून नेणारे वडील प्रेमानेच नेतात, हे मी ओळखतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी घरांत हेच झालेलं आहे. म्हणून त्यांना रागावू नका, हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

आता दुसरी बाजू, आणि मला या उत्तरात सगळ्यात जास्त जोर देऊन हीच सांगायची आहे. स्प्रे सुरू झाल्यावर धोका उलटतो. स्प्रेमध्ये डेस्मोप्रेसिन आहे. व्हॅसोप्रेसिनच्याच रेणूत थोडा बदल करून बनवलेलं औषध. शरीरातलं व्हॅसोप्रेसिन अर्ध्या तासातच बरंचसं नाहीसं होतं, डेस्मोप्रेसिन साधारण आठ ते बारा तास टिकतं, आणि रक्तदाब जवळजवळ वाढवत नाही. पण त्यात एक उणीव आहे. शरीराचं स्वतःचं हार्मोन गरज संपली की थांबतं. फवारा एकदा आत गेला की थांबवता येत नाही. ते आठ-बारा तास मूत्रपिंडाची दारं उघडीच राहणार, तुम्ही कितीही पाणी प्या. आणि ज्या माणसाला तीन महिने दहा लिटरची सवय लागलीय तो सवयीने पीतच राहतो. घरचेही आग्रह करतात, 'डॉक्टरांनी पाणी पाज म्हटलंय'.

काही वर्षांपूर्वी पिट्युटरीवर ऑपरेशन झालेल्या एक शिक्षिका माझ्याकडे होत्या. ऑपरेशननंतर लघवी सुटली, डेस्मोप्रेसिन सुरू केलं, लघवी दीड लिटरवर आली. सगळे खूश. पण घरी कुणीतरी 'मूत्रपिंड साफ राहायला सहा लिटर प्यायलाच हवं' असं पटवलं आणि त्या घड्याळ लावून प्यायल्या. पाचव्या दिवशी डोकेदुखी, मळमळ; सहाव्या दिवशी फिट. सोडियम ११८. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. मी त्यांना औषधाची मात्रा नीट समजावली होती, पाण्याबद्दल मात्र 'नेहमीसारखं प्या' एवढंच म्हटलं होतं. त्यांचं 'नेहमीसारखं' तेव्हा सहा-आठ लिटर होतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाला आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला एकच वाक्य तीनदा म्हणायला लावतो: तहान लागली तर पाणी कधीच तोडायचं नाही, तहान नसेल तर पाणी कधीच लादायचं नाही.

तहानेवर एवढा भरवसा ठेवायला एक अट आहे. डोक्याला मार लागलेल्या थोड्या रुग्णांत तहानेचं केंद्रच दुखावलेलं असतं; लघवी सुटते पण तहान लागत नाही. तुमचा भाऊ रात्री स्वतःहून उठून पाणी मागतो, म्हणजे त्याची तहान जागी आहे. ज्यांची नसते त्यांना वजन आणि सोडियम बघून मोजून पाणी द्यावं लागतं. त्यांच्यासाठी हे उत्तर नाही.

रोजच्या व्यवहारात मी काय करायला सांगतो? मात्रा कमीत कमी, आणि सुरुवातीला बहुधा फक्त झोपताना, म्हणजे माणसाला आणि घराला रात्रीची झोप मिळेल. पुढचा डोस घड्याळ पाहून नाही, लघवी पाहून. आधीच्या डोसचा असर उतरला, पाण्यासारखी लघवी परत एक-दोनदा मोकळी झाली, की मग पुढचा फवारा. त्या मोकळ्या लघवीतून साठलेलं जादा पाणी निघून जातं; हीच खरी सुरक्षा. ज्यांना दिवसातून दोन-तीन डोस लागतात त्यांच्या बाबतीतही आठवड्यातून निदान एकदा एक डोस मुद्दाम उशिरा घ्यावा असं मी सांगतो. तुमच्या भावाचं वेळापत्रक त्याच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, माझं वाचून बदलू नका. पण हा प्रश्न त्यांना नक्की विचारा.

वजनकाटा घ्या. रोज सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी वजन. दोन दिवसांत एक किलो वाढलं तर ते अन्न नव्हे, साधारण एक लिटर पाणी आहे. वजन वाढलं, डोकं दुखतंय, मळमळतंय, माणूस मंद वाटतोय, तर पुढचा फवारा थांबवा, पाणी तहानेपुरतंच ठेवा आणि त्याच दिवशी सोडियम तपासा. उलट वजन घटतंय, जीभ कोरडी, गुंगी, तर पाणी द्या आणि त्याच दिवशी सोडियम तपासा. सोडियमची तपासणी स्वस्त आहे, तालुक्याच्या ठिकाणी होते. औषध सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदा, मग महिनाभर आठवड्याला एकदा, मग सगळं स्थिर असेल तर तीन महिन्यांनी, असा माझा शिरस्ता आहे.

आणखी एक, जे बहुतेकदा विचारायचं राहून जातं. डोक्याला मार लागल्यावर फिटसाठी गोळी दिली जाते. ती कार्बामाझेपिन असेल तर ती डेस्मोप्रेसिनचा असर वाढवते आणि सोडियम उतरवते. अंगदुखीसाठी फार्मसीतून आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नैराश्यावरच्या काही गोळ्या, यांचंही तसंच. म्हणून फार्मसीत स्वतःहून सांगायचं, 'हा डेस्मोप्रेसिनवर आहे'. आणि स्प्रे मिळाला नाही म्हणून गोळी आणली तर आकड्यांनी फसू नका: स्प्रेच्या एका फवाऱ्यात साधारण १० मायक्रोग्रॅम औषध असतं, गोळी ०.१ मिलिग्रॅमची, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. पोटातून फार थोडं शोषलं जातं म्हणून गोळीत जास्त भरलेलं असतं. किती फवाऱ्यांच्या जागी किती गोळ्या, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

आता 'जन्मभर का'. डोक्याला मार लागल्यावर किंवा पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर कधी कधी तीन टप्पे दिसतात. पहिल्या चार-पाच दिवसांत लघवी सुटते, कारण धाग्यांना धक्का बसून ते बधिर झालेले असतात. मग काही दिवस लघवी एकदम कमी होते. घरच्यांना वाटतं बरा झाला; प्रत्यक्षात मरणाऱ्या धाग्यांतून साठलेलं हार्मोन बेबंद बाहेर गळत असतं, तळीचा बांध फुटून पाणी एकदम वाहावं तसं. याच दिवसांत पाणी पाजलं तर सोडियम कोसळतं. साठा संपला की तिसरा टप्पा, पुन्हा लघवी. सगळ्यांना तिन्ही टप्पे येत नाहीत. बऱ्याच जणांचा आजार पहिल्याच टप्प्यात काही दिवसांत किंवा आठवड्यांत मिटतो.

तुमच्या भावाला तीन महिने झालेत. एवढ्या काळानंतर तो कायमचा असण्याची शक्यता वाढते, हे मी लपवणार नाही. पण दार बंद झालेलं नाही. या पेशींपैकी दहा-पंधरा टक्के जरी शाबूत राहिल्या तरी माणूस औषधाविना निभावू शकतो, इतका निसर्गाने साठा ठेवलेला आहे. देठ खालच्या बाजूला दुखावला असेल तर तुटलेले धागे वरच्या रक्तवाहिन्यांशी नवं नातं जोडतात आणि तिथूनच हार्मोन सोडू लागतात. वर्षभरानंतर सुधारलेले रुग्ण मी पाहिलेत. एमआरआयमध्ये मागची पिट्युटरी एरवी एका चमकत्या ठिपक्यासारखी दिसते. तो ठिपका आहे का, आणि देठ सलग आहे का, हे डॉक्टरांना विचारा. म्हणून दर काही महिन्यांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधाशिवाय काय होतं ते बघत राहायचं.

एक खूण मात्र उलट वाचू नका. लघवी अचानक आपोआप कमी झाली आणि त्याबरोबर थकवा, उलट्या, चक्कर, भूक मेलेली असेल, तर ते बरं होणं नसेल. पुढची पिट्युटरीही त्याच अपघातात दुखावलेली असू शकते. तिच्यामुळे कॉर्टिसॉल कमी पडलं तर मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकता येत नाही आणि उदकमेह झाकला जातो. असा माणूस साध्या तापातही कोसळू शकतो. म्हणून सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल, थायरॉइडचं फ्री टी-फोर, आणि पुरुषात टेस्टोस्टेरॉन, ही तपासणी झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या, आणि अपघाताला वर्ष होईल तेव्हा पुन्हा. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी निघाली तर कॉर्टिसॉल आधी भरून काढायचं, थायरॉक्सिन नंतर. हा क्रम चुकला तर जिवावर बेततं.

मला तुमचे कागद दिसत नाहीत, त्यामुळे निदान बरोबर आहे असं धरूनच मी बोलतोय. २४ तासांची लघवी मोजली का? तीन लिटरच्या वर असेल तरच हा विचार करायचा. रक्ताचा आणि लघवीचा दाटपणा, म्हणजे ऑस्मोलॅलिटी, एकाच वेळी तपासली का? कॅल्शियम आणि पोटॅशियम? कॅल्शियम वाढलं किंवा पोटॅशियम उतरलं तर मूत्रपिंडच हार्मोनला दाद देत नाही. लिथियमच्या गोळ्यांनीही तसंच होतं, आणि तिथे स्प्रेचा फारसा उपयोग नसतो. काहींना नुसती पाणी पिण्याची सवय जडलेली असते; त्यांना डेस्मोप्रेसिन देणं धोक्याचं. शंका असेल तर पाणी बंद ठेवून तासातासाने वजन, लघवी आणि सोडियम बघायची एक चाचणी असते. ती इस्पितळात, डॉक्टर समोर असतानाच होते. वडील घरी रात्री जे करत होते ती तीच चाचणी होती, फक्त डोळे बांधून.

दुसऱ्या हार्मोनबद्दल तुम्ही लिहिलंय, 'वहिनीच्या बाळंतपणात सलाइनमधून कळांचं इंजेक्शन दिलं ते ऑक्सिटोसिन, आणि म्हशींना देतात तेही तेच म्हणे. मग पुरुषाला त्याचं काय?' हो, दोन्हीकडे तेच. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन ही सख्खी भावंडं आहेत: दोघांतही नऊ-नऊ अमिनो आम्लं, त्यातली सात सारखी, फक्त दोन वेगळी. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी मागच्या पिट्युटरीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकसतं हे दाखवलं. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं, आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बाळंतपणात बाळाचं डोकं खाली दाबू लागलं की मेंदूला निरोप जातो, ऑक्सिटोसिन सुटतं, कळ येते, डोकं आणखी दाबतं, आणखी ऑक्सिटोसिन. बाळ बाहेर येईपर्यंत हे वाढत जातं. नंतर बाळ स्तनाला लागलं की तेच हार्मोन दूध पुढे ढकलतं. दूध बनवणारं हार्मोन वेगळं, प्रोलॅक्टिन, ते पुढच्या पिट्युटरीचं. ऑक्सिटोसिन पान्हा फोडतं. नुसतं बाळाचं रडणं ऐकून आईला पान्हा फुटतो आणि धास्तीने तो आखडतो, याचं कारण झर मेंदूत आहे.

बाळंत झाल्याबरोबर रक्तस्राव टाळायला ऑक्सिटोसिनची १० युनिट द्यावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गुरांमधल्या गैरवापरामुळे केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या खासगी उत्पादनावर बंदीची अधिसूचना काढली होती. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मला तो निर्णय पटला. गोठ्यातली चोरी थांबवायला वाटा इतर आहेत, बाळंतिणीला पर्याय कमी. आणि भावंडं सारखी असल्याचा एक परिणाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे: ऑक्सिटोसिन मोठ्या मात्रेत नुसत्या ग्लुकोजच्या सलाइनमधून बराच वेळ दिलं तर तेही व्हॅसोप्रेसिनसारखं पाणी धरून ठेवतं आणि बाळंतिणीचं सोडियम उतरू शकतं.

पुरुषात ऑक्सिटोसिन असतंच. कमी पडलं तर काय, हे आम्हाला शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी दाखवलं की व्हॅसोप्रेसिन कमी असलेल्या रुग्णांत ऑक्सिटोसिनही नीट वाढत नाही, आणि त्यांच्यातली काळजी, माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं, याच्याशी त्याचा संबंध असू शकतो. त्यावर औषध म्हणून अजून काही नेहमीच्या वापरात नाही. पण तुम्ही ओझरतं लिहिलंय की भाऊ 'बदललाय, कुणाशी बोलत नाही'. याची कारणं अनेक असू शकतात: डोक्याचा मार, तीन महिन्यांची मोडलेली झोप, सोडियमची चढउतार, कमी टेस्टोस्टेरॉन. स्वभाव बिघडला असं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना वेगळं सांगा.

राहिलं आपल्याकडचं. मे महिन्याच्या उकाड्यात घामाने पाणी जातं, तेव्हा तहान वाढेल, वाढू द्या. पेज, ताक, सोलकढी चालेल. सगळं पाण्यात मोजायचं. उर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, हंगाम आहे म्हणून सांगतो: दारू निरोगी माणसाचं व्हॅसोप्रेसिन दाबते, म्हणून प्यायल्यावर लघवी जास्त होते. पण स्प्रेचं औषध बाहेरून दिलेलं, दारू ते दाबू शकत नाही. त्यावर बियर प्यायली तर सगळं पाणी अंगात साठतं. शिवाय मार लागलेल्या मेंदूला फिट यायला दारू पुरते. त्याने वर्षभर तरी हात लावू नये. सर्दीत नाक चोंदलं तर स्प्रे नीट शोषला जात नाही, म्हणून पावसाळ्याआधी गोळीची चिठ्ठी डॉक्टरांकडून घेऊन ठेवा. काही स्प्रे फ्रिजमध्ये ठेवायचे असतात. बाटलीवर वाचा, आणि पावसात वीज दोन-दोन दिवस जाते तिथे गोळीच बरी. हे औषध प्रत्येक फार्मसीत नसतं, आणि चवथीच्या दिवसांत मागवलेलं वेळेवर येत नाही. एक बाटली कायम जादा हवी.

पुढच्या भेटीला जाण्याआधी दोन दिवस एक प्लास्टिकचं मोजपात्र न्हाणीघरात ठेवा. किती वाजता किती लघवी, किती पाणी, फवारा किती वाजता, सकाळचं वजन किती, एवढं वहीत लिहा. आणि भावाच्या पाकिटात एक चिठ्ठी: 'साखरेचा आजार नाही. व्हॅसोप्रेसिनची कमतरता, जुनं नाव डायबेटिस इन्सिपिडस. डेस्मोप्रेसिन चालू. पाणी बंद करू नये. बेशुद्ध असल्यास लगेच सोडियम तपासावं.' खाली डॉक्टरांचा आणि तुमचा फोन नंबर.